फ्रँकलिनच्या पानात काय वाढावे?

जानेवारी महिन्यात फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनची जयंती साजरी होते. लोक त्याच्या समाधीपर्यंत चालत जातात आणि नंतर एकत्र जेवतात. याच शहरातली सिटी टॅव्हर्न ही मूळची १७७३ सालची खाणावळ. ती पुढे पाडली गेली आणि स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, १९७६ साली, जुन्या जागेवर पुन्हा उभी राहिली. १९९४ पासून २०२० पर्यंत शेफ वॉल्टर स्टाइब यांनी तिथे अठराव्या शतकातले पदार्थ रांधून वाढले. त्यांच्या मेन्यूत तळलेला टोफू होता आणि त्याला आधार दिला होता फ्रँकलिनच्या १७७० सालच्या एका पत्राचा. अमेरिकेच्या आद्य मुत्सद्द्याच्या नावाने टोफू वाढलेला पाहून पाहुणे चकित होत, पण तो आधार खरा होता.

फ्रँकलिन १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टनमध्ये जन्मला. मुद्रक, पत्रकार, वैज्ञानिक आणि मुत्सद्दी अशा चारही भूमिकांत तो पहिल्या रांगेत होता. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, फ्रान्सशी झालेला मैत्रीचा तह, ब्रिटनशी झालेला शांततेचा तह आणि अमेरिकेची राज्यघटना या चारही दस्तऐवजांवर सही असलेला तो एकटाच. अशा माणसाच्या आवडीचे जेवण घालायचे तर पानात काय काय वाढायचे?

आत्मचरित्रात तो लिहितो की लहानपणी वडिलांच्या पंगतीत गप्पा इतक्या रंगत की ताटात काय आहे इकडे कोणाचे लक्षच नसे. त्यामुळे जेवून उठल्यावर काही तासांनी आपण काय खाल्ले तेही त्याला आठवत नसे. त्याची पत्रे मात्र खाण्याने भरलेली आहेत. सफरचंदे, मका, चीज, लिंबे, द्राक्षे यांच्याविषयी तो आयुष्यभर लिहीत राहिला. ही पत्रे एकापाठोपाठ एक वाचली की एक धागा सापडतो. खाण्याची कोणतीही वस्तू समोर आली की फ्रँकलिन विचारतो: हे कुठून आले, कसे तयार होते, आपल्याला स्वतःला करता येईल का, आणि यामुळे आपण कोणाच्या अधीन तर होत नाही? फ्रँकलिनची आवड म्हणजे काय, याचे उत्तर या प्रश्नांत आहे. त्याच्या नावाच्या जेवणाची मांडणीही त्यांच्याच आधाराने केली पाहिजे.

निम्म्या पैशांचे जेवण

सोळाव्या वर्षाच्या सुमारास थॉमस ट्रायन या लेखकाचे पुस्तक फ्रँकलिनच्या हाती पडले आणि त्याने मांस सोडले. तेव्हा तो बोस्टनमध्ये थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवारी करत होता. जेम्स अविवाहित असल्याने सगळ्यांचे जेवण दुसऱ्या एका कुटुंबात पैसे भरून चाले. या मुलासाठी वेगळे काय करायचे, अशी कुरकुर सुरू झाली. तेव्हा फ्रँकलिनने ट्रायनच्या पुस्तकातून बटाटे आणि तांदूळ शिजवणे, पिठाचा घाटा करणे असे काही प्रकार शिकून घेतले आणि भावाला सुचवले: माझ्या जेवणावर जे खर्च करतोस त्याचे निम्मे पैसे माझ्या हातात दे, माझे मी बघतो. भाऊ लगेच कबूल झाला.

त्या निम्म्यातलेही निम्मे उरू लागले. त्यातून त्याने पुस्तके घेतली. बाकीचे जेवायला गेले की हा छापखान्यात एकटा थांबे. एखादे बिस्कीट किंवा पावाचा तुकडा, मूठभर बेदाणे नाहीतर मिठाईवाल्याकडचा टार्ट आणि पेलाभर पाणी एवढ्यावर जेवण उरके. मग हाताशी राहिलेला सगळा वेळ अभ्यासाचा. शाळेत ज्या अंकगणिताने त्याला दोनदा हरवले होते ते त्याने याच काळात स्वतः शिकून काढले.

हा नेम मोडला त्याची हकीकतही त्याने सांगितली आहे. १७२३ साली भावाशी बिनसल्यावर तो बोस्टनहून जहाजाने निघाला. ब्लॉक बेटापाशी वारा पडला आणि खलाशांनी कॉड मासे पकडून तळायला घेतले. तव्यावरून येणारा तो वास आणि मनातले तत्त्व यांची बराच वेळ ओढाताण झाली. मासे चिरताना त्यांच्या पोटातून लहान मासे निघालेले त्याने पाहिले होते. हे एकमेकांना खातात, तर आपण यांना खायला काय हरकत, असा निवाडा करून तो पोटभर जेवला. मनाला हवी ती कारणे बुद्धी कशी शोधून देते हे त्याने या प्रसंगावरून मोकळेपणाने लिहिले. म्हणून स्मरणभोजनात बेदाणे आणि पाव यांच्या शेजारी तळलेला कॉड ठेवावा.

त्याच प्रवासाच्या शेवटी तो फिलाडेल्फियाला पोहोचला. बेकरीत तीन पेनींचे काहीही द्या म्हणाल्यावर तीन भले मोठे फुगीर पाव मिळाले. खिशात जागा नव्हती, म्हणून दोन काखांत दोन पाव दाबून आणि तिसरा खात तो मार्केट स्ट्रीटवरून चालला. रस्त्यात एका दारात उभ्या असलेल्या डेबोरा रीडने हे ध्यान पाहिले. पुढे तीच त्याची बायको झाली. उरलेले दोन पाव त्याने बोटीतून बरोबर आलेल्या एका बाईला आणि तिच्या मुलाला दिले.

बिअरऐवजी पेज

१७२५ च्या सुमारास लंडनमधल्या वॉट्सच्या छापखान्यात तो काम करत होता. तिथले जवळपास पन्नास कामगार बिअरचे भोक्ते होते. शेजारी काम करणारा गडी न्याहारीआधी, न्याहारीबरोबर, न्याहारीनंतर, दुपारच्या जेवणाला, संध्याकाळी सहाला आणि काम संपल्यावर असे दिवसाला सहा पाइंट रिचवी. बिअरने अंगात ताकद येते अशी त्याची ठाम समजूत होती. फ्रँकलिन पाणी पीत असे, म्हणून सगळ्यांनी त्याचे नाव पाणीवाला अमेरिकन असे पाडले. पण इतर लोक टाइपांची जड चौकट दोन्ही हातांनी एक उचलत, तेव्हा हा प्रत्येक हातात एक घेऊन जिना चढे.

त्याने गड्यांना हिशेब घातला. बिअरमध्ये ताकद असलीच तर ती त्यात विरघळलेल्या धान्याइतकीच असणार. एका पेनीच्या पावात त्याहून जास्त पीठ असते, तर तो पाव खाऊन वर पाणी प्यावे. काहींना हे पटले. त्यांनी शेजारच्या घरातून गरम पातळ पेज मागवायला सुरुवात केली. वाडगाभर पेज, त्यात पावाचा चुरा, लोण्याचा गोळा आणि वर मिरपूड. किंमत एका पाइंट बिअरइतकीच, दीड पेनी. पैसा वाचला आणि डोकेही ठिकाणावर राहू लागले. जे बिअर सोडू शकले नाहीत त्यांची शनिवारी गुत्त्याचे उधार फेडताना तारांबळ उडे आणि फ्रँकलिनकडेच हात पसरावा लागे. फ्रँकलिनच्या जेवणातला पहिला गरम पदार्थ ही पेजच असावी.

डेबोराची पिंपे

१७५७ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेचा प्रतिनिधी म्हणून फ्रँकलिन पुन्हा लंडनला गेला. मधली दोन वर्षे तो मायदेशी परतला होता, ती सोडली तर १७७५ पर्यंत तो क्रेव्हन स्ट्रीटवर मार्गारेट स्टीव्हन्सन या विधवा घरमालकिणीकडे राहिला. त्या घरात आता त्याचे संग्रहालय आहे. १७७० च्या सप्टेंबरमध्ये मालकीणबाई काही दिवस बाहेरगावी गेल्या तेव्हा त्याने घरातल्या घरात एक विनोदी वर्तमानपत्र लिहिले. त्यात त्यांना राणी केले आणि बातमी दिली की या घरातली एक भारदस्त व्यक्ती, म्हणजे तो स्वतः, राणीच्या जाण्याने इतकी दुःखी आहे की नव्या मंत्रिमंडळाने भाजलेले मटण आणि बटाटे कबूल करूनही तिचे समाधान होईना.

मात्र या काळातली त्याची खरी ओढ घरच्या वस्तूंकडे होती. डेबोराला समुद्रप्रवासाची भीती वाटे, म्हणून ती फिलाडेल्फियातच राहिली. तिथून ती मक्याचे पीठ, बकव्हीटचे पीठ, वाळवलेले पीच, क्रॅनबेरी, खारवलेले मांस आणि न्यूटाउन पिपिन जातीची सफरचंदे पिंपांत भरून जहाजाने पाठवत राही. आपण अमेरिकेत नाही, तर तिकडून आलेली कोणतीही वस्तू घरासारखी वाटते आणि जिवाला बरे वाटते, असे त्याने तिला कळवले होते. ती सफरचंदे तो इंग्रज मित्रांनाही वाटे. १७६४ च्या अखेरीला दोघांची ताटातूट झाली ती कायमची. डिसेंबर १७७४ मध्ये डेबोरा वारली तेव्हा तो लंडनमध्येच होता. घर, दुकान, हिशेब आणि ही पिंपे तिने दहा वर्षे एकटीने सांभाळली. फ्रँकलिनच्या आवडीच्या पदार्थांची यादी जिथे छापली जाईल तिथे तिचे नाव हवेच.

मक्याची बाजू

१७६५ साली ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींवर स्टॅम्प ॲक्टचा कर लादला. अमेरिकन लोकांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार घातला आणि चहाही सोडण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा लंडनच्या एका वर्तमानपत्रात कोणीतरी लिहिले की हे लोक चहा सोडूच शकत नाहीत, कारण त्यांच्या मक्याची न्याहारी चवीला वाईट आणि पचायला जड. २ जानेवारी १७६६ रोजी याला सणसणीत उत्तर छापून आले. घरच्या सुताचा कपडा अशा अर्थाचे टोपणनाव घेऊन ते फ्रँकलिनने लिहिले होते. मका हे जगातल्या उत्तम धान्यांपैकी एक आहे, कोवळी कणसे भाजून खाण्यात अवर्णनीय गोडी आहे, आणि विस्तवावरून नुकत्याच उतरलेल्या मक्याच्या गरम भाकरीपुढे यॉर्कशायरचे मफिन काहीच नव्हे, असा त्याचा रोख होता. पुढच्याच महिन्यात, १३ फेब्रुवारीला, हाऊस ऑफ कॉमन्सपुढे त्याची साक्ष झाली आणि मार्चमध्ये कायदा रद्द झाला. मक्याने कायदा रद्द केला असे कोणी म्हणणार नाही. पण आम्ही आमच्या शेतातल्या धान्यावर जगू शकतो, हा आत्मविश्वास त्या लढ्याच्या मुळाशी होता आणि फ्रँकलिनने तो न्याहारीच्या भाषेत मांडला.

वीस वर्षांनी, फ्रान्समधला मुक्काम संपत आला असताना, त्याने रसायनशास्त्रज्ञ कादे द व्हो यांच्यासाठी मक्यावर एक टिपण लिहिले. द व्हो यांनी पॅरिसमध्ये बेकरांसाठी शाळा काढली होती. या टिपणात कोवळी कणसे उकडण्यापासून मक्याचे पीठ गव्हाच्या पिठात मिसळून पाव करण्यापर्यंत सगळे येते. त्यातला एक भाग महाराष्ट्रातल्या वाचकाने अवश्य वाचावा. फ्रँकलिन सांगतो: लोखंडी भांड्यात वाळू भरून ती चुलीवर खूप तापवा. तिच्यात दोन-तीन पौंड मका टाकून ढवळा. दाणा फुटून त्यातून त्याच्या दुप्पट आकाराचा पांढरा गर बाहेर येतो. मग तारेच्या चाळणीने वाळू चाळून काढा आणि पुन्हा भांड्यात तापायला टाका. आपल्या भडभुंज्याच्या भट्टीवर फुटाणे आणि चुरमुरे अगदी असेच होतात. तापलेली वाळू दाण्याला सर्व बाजूंनी वेढते, त्यामुळे उष्णता सारखी आणि झटकन लागते. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि साल तिचा दाब सोसू शकत नाही. ही लाही कुटून केलेले पीठ अमेरिकेतले मूळनिवासी प्रवासात नेत. दिवसाला सहा ते आठ औंस, म्हणजे साधारण १७० ते २२५ ग्रॅम पीठ पाण्यात कालवून ते लांबचा पल्ला गाठत, असे फ्रँकलिनने नोंदवले आहे. मका पिकवण्याची आणि रांधण्याची विद्या मुळात त्यांची होती, हेही पानावर लिहिले पाहिजे.

विजेवर भाजलेली टर्की

२९ एप्रिल १७४९ रोजी फ्रँकलिनने लंडनमधला मित्र पीटर कॉलिन्सन याला विजेच्या प्रयोगांची हकीकत कळवली. पत्राच्या शेवटी त्याने एका मेजवानीचा बेत सांगितला. स्कूलकिल नदीच्या काठी सहल काढायची, विजेच्या धक्क्याने टर्की मारायची, विजेने पेटवलेल्या विस्तवावर ती ठेवायची आणि विजेवर फिरणाऱ्या सळईवर भाजायची. मग इंग्लंड, हॉलंड, फ्रान्स आणि जर्मनीतल्या वीजशास्त्रज्ञांच्या नावाने, विद्युतभारित पेले उंचावून मद्य प्यायचे.

हे प्रयोग लायडन जार या काचेच्या बरण्यांनी चालत. या बरण्यांत विद्युतभार साठवता येई. अशा बऱ्याच बरण्या जोडल्या की दहा पौंडांची टर्की मरे आणि असे मांस विलक्षण मऊ शिजते असे त्याचे मत झाले. २३ डिसेंबर १७५० रोजी असाच प्रयोग चालू असताना धक्का त्यालाच बसला. पिस्तूल उडावे तसा आवाज झाला म्हणे, पण त्याला तो ऐकूच आला नाही. हात आणि मान दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बधिर होती. दोनच दिवसांनी त्याने हे सारे बारकाईने लिहून काढले आणि इतरांनी सावध राहावे म्हणून कळवले.

फ्रँकलिनला टर्की हा राष्ट्रीय पक्षी करायचा होता, असे नेहमी सांगितले जाते. त्याने तशी अधिकृत सूचना कधी केली नव्हती. २६ जानेवारी १७८४ रोजी मुलगी सेराला लिहिलेल्या पत्रात त्याने माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या एका संघटनेच्या पदकाविषयी लिहिले. पदकावरचा गरुड टर्कीसारखा दिसतो अशी टीका होत होती. त्यावर तो म्हणतो की बरेच झाले, गरुड दुसऱ्याने पकडलेले मासे हिसकावतो, टर्की मात्र याच मातीतला, अब्रूदार आणि धीट पक्षी आहे.

टोफूचे पत्र

फिलाडेल्फियाजवळ जॉन बार्ट्राम या वनस्पतिशास्त्रज्ञाची बाग होती. फ्रँकलिन लंडनहून त्याला बिया पाठवी. ११ जानेवारी १७७० च्या पत्रासोबत त्याने रेवाचिनी (रुबार्ब) आणि चीनमधला एक कडधान्याचा दाणा पाठवला. या दाण्यापासून चीनमध्ये एक प्रकारचे चीज करतात हे त्याने नाव्हारेते या मिशनऱ्याच्या प्रवासवर्णनात वाचले होते. कुतूहल वाटून त्याने चौकशी केली आणि चीनमध्ये राहिलेल्या जेम्स फ्लिंट यांच्याकडून कृती मिळवली. दाण्याचे पीठ पाण्यात कालवून त्यात एक क्षार घातला की ते साकळते. या पदार्थाचे नाव त्याने ताऊ-फू असे लिहिले. अमेरिकेत सोयाबीनची लागवड सॅम्युएल बोवेनने १७६५ सालीच जॉर्जियात केली होती. पण टोफूची माहिती एका अमेरिकनाने दुसऱ्याला इतक्या आस्थेने कळवल्याचा हा फार जुना पुरावा आहे.

त्याआधीच्या वर्षी, १७६९ साली, याच बार्ट्रामला त्याने कळवले होते की इटलीच्या प्रवासवर्णनांत जुन्या शिलालेखांच्या नकला पुष्कळ सापडतात, पण मला त्यांपेक्षा पार्मेझान चीजची कृती मिळाली तर जास्त आनंद होईल. दोन्ही पत्रांमागे एकच हेतू आहे. दूरच्या माणसांनी शोधलेली चांगली गोष्ट आपल्या लोकांना स्वतः करता आली पाहिजे.

चव्वेचाळीस लिंबांचे मिल्क पंच

११ ऑक्टोबर १७६३ रोजी बोस्टनच्या जेम्स बॉडोइन यांना त्याने मिल्क पंच या पेयाची कृती पाठवली. सहा क्वार्ट ब्रँडीत, म्हणजे साधारण पावणेसहा लिटरमध्ये, ४४ लिंबांच्या अगदी पातळ सोललेल्या साली चोवीस तास भिजवायच्या आणि गाळून घ्यायच्या. त्यात चार क्वार्ट पाणी, किसलेली चार मोठी जायफळे, दोन क्वार्ट लिंबाचा रस आणि दोन पौंड साखर घालायची. साखर विरघळली की तीन क्वार्ट दूध उकळून, चुलीवरून उतरवल्या उतरवल्या गरम असतानाच त्यात ओतायचे. दोन तास तसेच ठेवून कापडी पिशवीतून नितळ होईपर्यंत गाळायचे.

लिंबाच्या आंबटाने दूध फाटते. दुधातल्या प्रथिनाचे कण एकत्र येऊन गाठी होतात आणि ब्रँडीतली तुरट द्रव्ये व गढूळपणा आपल्यात ओढून घेतात. चोथा पिशवीत राहतो आणि खाली पारदर्शक, मऊ चवीचे, बराच काळ टिकणारे पेय उतरते. फ्रँकलिनच्या जेवणातली ही एक कृती त्याच्या पत्रातल्या मापांबरहुकूम आजही करता येते.

पासीची मेजवानी आणि पायाचे दुखणे

१७७७ पासून १७८५ पर्यंत फ्रँकलिन पॅरिसजवळच्या पासी गावात अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून राहिला. इथले जेवण बोस्टनच्या पाव-बेदाण्यांपासून फार दूर होते. मांस, कोंबडी किंवा शिकार, भाज्या, पेस्ट्री, फळे, चीज असा थाट असे आणि तळघरात हजाराहून अधिक बाटल्या वाइन. या जेवणावळींत मुत्सद्देगिरीही होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला पैसा आणि सैन्य मिळवायचे तर पॅरिसच्या दिवाणखान्यांत मन जिंकावे लागे. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सशी तह झाला, त्यामागे लढाईतले यश होते तसाच हा माणुसकीचा वावरही होता. सहकारी जॉन ॲडम्स यांना मात्र त्याचे रोज बाहेर जेवणे खटकत असे.

शरीराने हिशेब मागितलाच. २२ ऑक्टोबर १७८० च्या मध्यरात्रीची तारीख घालून त्याने गाउट, म्हणजे पायाच्या सांध्यांचे ते असह्य दुखणे, आणि आपण स्वतः यांच्यातला संवाद लिहिला. त्यात दुखणेच त्याला जाब विचारते: सकाळी साय घातलेला चार कप चहा, लोणी लावलेले टोस्ट, वर खारवलेले मांस, आणि जेवणानंतर चालायचे सोडून तास न् तास बुद्धिबळ. तरुणपणी त्याने स्वतःसाठी तेरा सद्गुणांची यादी केली होती. तिच्यात पहिला होता मिताहार. म्हातारपणी तो पाळता आला नाही हे त्याने दुखण्याच्याच तोंडून वदवून घेतले.

पानावर न दिसणारे हात

फ्रँकलिनच्या पंचातली साखर वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून येई आणि तिथे राबणारे लोक गुलाम होते. त्याच्या घरातही गुलाम होते. पीटर आणि किंग या दोघांना तो १७५७ साली लंडनला घेऊन गेला होता. त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या गेल्या. पुढे त्याचे मत बदलले. १७८७ साली तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि फेब्रुवारी १७९० मध्ये त्याच्या सहीचा गुलामगिरी संपवण्याची मागणी करणारा अर्ज काँग्रेसपुढे गेला. १७ एप्रिलला तो वारला. आयुष्यभर अन्न कुठून येते हे विचारणाऱ्या या माणसाला साखरेबाबत हा प्रश्न विचारायला फार उशीर झाला. त्याच्या सन्मानाचे जेवण हे झाकून वाढले तर त्याचा अपमानच होईल.

पान कसे मांडावे

म्हणून माझ्या मते हे जेवण पुढील क्रमाने वाढावे. आधी मिरपूड घातलेली पेज आणि पाव-बेदाणे, मग तळलेला कॉड, मग मक्याची गरम भाकरी आणि वाळूत फोडलेली लाही, मग टर्की, टोफू, चीज आणि सफरचंदे, आणि शेवटी घोटभर मिल्क पंच. पासीच्या थाटातला एखादाच पदार्थ ठेवावा. प्रत्येक पदार्थाशेजारी एक चिठ्ठी असावी. तिच्यावर पत्राची तारीख, तो पदार्थ पाठवणाऱ्या, पिकवणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या माणसांचा उल्लेख आणि त्या वेळी फ्रँकलिनला पडलेला प्रश्न लिहावा.

आपल्याकडेही थोरांच्या जयंतीला त्यांच्या आवडीचे पदार्थ करण्याची हौस वाढते आहे. ती चांगली आहे. ऐकीव गोष्टींवर न थांबता पत्रे, हिशेबाच्या वह्या आणि रोजनिश्या उघडल्या तर त्या पदार्थांमागची शेती, व्यापार, विज्ञान आणि स्वयंपाक करणारी माणसेही पंगतीत येतील. त्यामुळे पाहुण्याचे पोट भरेल आणि आपण जे खाल्ले त्याचा इतिहास घरी गेल्यावर त्याला दुसऱ्याला सांगता येईल. स्मरणभोजनाचा उपयोग त्यासाठीच आहे.